टीव्हीला वाय-फायचा पासवर्ड देऊ नका

दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली-मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही शोरूममध्ये डोकावा. त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही आज ज्या किमतीला मिळतो, त्या किमतीत पंधरा वर्षांपूर्वी बत्तीस इंचीही येत नव्हता. पडदा वाढला, आत अख्खा कॉम्प्युटर बसला आणि भाव उतरला. पॅनेल स्वस्त झाली, ब्रँड वाढले, ही कारणं खरीच. पण आणखी एक कारण आहे आणि ते बिलावर छापलेलं नसतं. टीव्ही भिंतीवर टांगून झाला तरी कंपनीची त्यावरची कमाई थांबत नाही. अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीचे २०२१ चे हिशेब पाहिले तर जाहिराती आणि डेटाच्या धंद्यातला ढोबळ नफा टीव्ही विकून होणाऱ्या नफ्याच्या पुढे गेलेला दिसतो. पुढे २०२४ मध्ये वॉलमार्टने ही कंपनी २.३ अब्ज डॉलरला विकत घेतली. टीव्ही तर वॉलमार्टच्या दुकानांत आधीपासूनच विकले जात होते. मग एवढे पैसे कशाचे मोजले, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आमच्या विश्रामबागेतल्या सोसायटीत कुणी नवा टीव्ही आणला की एक प्रश्न ठरलेला असतो : "दादा, टीव्हीला कुठला बॉक्स लावू? आपलं सगळं कंपन्यांना कळत नाही असा सांगा." प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर बॉक्सच्या थोडं आधी सुरू होतं. कारण बघणारा एकटा बॉक्स नसतो.

कोणाला काय दिसतं

तुम्ही सोफ्यावर बसून एखादी मालिका बघताय असं धरा. जिच्यावर ती चालली आहे त्या ओटीटी कंपनीला कळतं, की या खात्यावरून हा भाग इतक्या वाजता लागला, सतराव्या मिनिटाला थांबवला, गाणं पुढे ढकललं. हे टाळता येत नाही. त्यांच्याच खात्यात लॉगिन करून त्यांचाच माल बघायचा आणि त्यांना कळू द्यायचं नाही, हे होणार नाही.

बॉक्स किंवा स्टिक ज्यांची असते त्यांना दिसतं, की कोणतं अ‍ॅप किती वाजता उघडलं, किती वेळ चाललं, शोधायला काय टाइप केलं किंवा रिमोटच्या माइकमध्ये काय बोललात. ब्रॉडबँड कंपनीला कोणत्या सेवेशी जोडणी झाली एवढं दिसतं. आत काय चाललंय ते बहुतेक वेळा कुलूपबंद असतं.

आणि मग खुद्द टीव्ही. लोकांचं लक्ष सगळ्यात कमी इथे असतं आणि सगळ्यात जास्त दिसतं ते यालाच. स्मार्ट टीव्हीत एसीआर नावाची सोय असते, ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन. टीव्ही स्वतःच्या पडद्यावरच्या चित्राचे आणि आवाजाचे बारीक नमुने घेतो, त्यांची आकड्यांची खूण बनवतो आणि ती खूण कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तिथे हजारो कार्यक्रमांच्या, सिनेमांच्या, जाहिरातींच्या खुणा साठवलेल्या असतात. जुळणी झाली की कळतं काय चाललंय. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यातून मूठभर नमुना काढतात आणि त्यावर अख्ख्या मालाचा भाव बोलला जातो, तसंच. सगळं पोतं उघडायची गरजच नसते.

यातली मेख अशी, की एसीआर पडद्याकडे बघतं, पडद्यावर ते कुठून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. डिशचा बॉक्स लावा, लॅपटॉप लावा, मुलाचा गेमचा डबा लावा. एचडीएमआयच्या तारेतून जे येईल त्याचाही नमुना घेतला जाऊ शकतो. लंडन, माद्रिद आणि कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींमधून होणारी माहितीची ये-जा तपासली. टीव्ही नुसता बाहेरच्या यंत्राचा पडदा म्हणून वापरला तरी एसीआरची पाठवापाठवी चालू असल्याचं त्यांना दिसलं. एलजीच्या टीव्हीतून साधारण दर १५ सेकंदांनी आणि सॅमसंगच्या टीव्हीतून दर मिनिटाला माहितीचा गठ्ठा जात होता. गंमत म्हणजे नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबचं अ‍ॅप टीव्हीवर चालू असताना मात्र ही पाठवणी त्यांना आढळली नाही. मोठ्या कंपन्या एकमेकींचा मान राखतात. तुमच्या लॅपटॉपचा मान राखणारं कोणी नाही! हा अभ्यास ब्रिटन आणि अमेरिकेतल्या टीव्हींचा होता. त्यातली एक दिलाशाची गोष्ट अशी, की सेटिंगमध्ये जाऊन नकार दिल्यावर ही पाठवापाठवी थांबली.

व्हिझिओच्या बाबतीत तर लोकांना विचारलंच नव्हतं. सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून बघण्याची माहिती गोळा करून ती पुढे विकल्याबद्दल २०१७ मध्ये त्या कंपनीला २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे टीआरपी मोजणाऱ्या बार्कची पद्धत याच्या शेजारी ठेवून बघा : ठरावीक घरं निवडायची, त्यांची परवानगी घ्यायची, मीटर बसवायचा. ज्याच्या घरात मीटर आहे त्याला माहीत असतं की मीटर आहे.

"असू दे की हो, आम्ही काय लपवण्यासारखं बघतोय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एक अमेरिकन गोष्ट सांगतो. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क नावाच्या न्यायाधीशांची सर्वोच्च न्यायालयासाठी शिफारस झाली होती. एका वार्ताहराने त्यांच्या व्हिडिओ लायब्ररीतून त्यांनी भाड्याने नेलेल्या कॅसेटची यादी मिळवली आणि छापली. यादीत वावगं काहीच नव्हतं. तरीही खासदार इतके हादरले, की पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, व्हिडिओ भाड्याच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. हादरले कारण प्रत्येकाला स्वतःची यादी आठवली. आज त्या यादीत घरातल्या कुणाच्या तरी गुडघेदुखीचे व्हिडिओ असतात, कर्ज फेडण्याचे असतात, मूल होत नाही म्हणून बघितलेले असतात. आणि टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप एकाच राउटरवर असल्यामुळे बाहेरून तो सगळा एकाच घराचा पत्ता दिसतो. टीव्हीवर जे दिसलं त्याची जाहिरात फोनवर येणं मग काही अवघड नाही.

पहिलं काम फुकट आहे

टीव्ही बसवायला येणारा मुलगा घाईत असतो. त्याला अजून चार घरं करायची असतात. तो टीव्ही टांगतो, लाईट देतो, आणि पडद्यावर अटींचं पान आलं की म्हणतो, "काका, ह्यात काय बघायचं नसतंय, सगळं ओके करा, लगेच चालू होतंय." पान उघडून बघितलं तर तीन-चार चौकोन असतात. एक वापराच्या अटींचा, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. एक आवाज ओळखण्याचा. एक 'तुमच्या आवडीच्या जाहिराती'. आणि एक 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन' असल्या नावाचा, म्हणजेच एसीआर. वर ठळक बटण असतं, सगळ्याला संमती. एकेक चौकोन वेगळा करायला रिमोटचा बाण खाली न्यावा लागतो, आणि तिथेच सगळे कंटाळतात. त्या मुलाला चहा द्या आणि रिमोट आपल्या हातात घ्या.

पुढच्या पानावर तो वाय-फायचा पासवर्ड मागेल. तिथे 'नंतर करू' किंवा 'वगळा' असं काहीतरी बारीक अक्षरात असतं, ते निवडा. गूगल टीव्ही असलेल्या संचात 'बेसिक टीव्ही' नावाचा पर्याय सुरुवातीलाच येतो. तो घेतला की गूगल खातंही लागत नाही आणि इंटरनेटही. टीव्ही नुसता पडदा होतो. या लेखातली सगळ्यात मोलाची सूचना हीच, बाकी सगळं दुय्यम. ज्या यंत्राला बाहेर जायची वाटच नाही, त्याने नमुने घेतले काय आणि न घेतले काय. तुम्ही स्मार्ट टीव्हीचे पैसे मोजले आणि तो स्मार्टपणा वापरत नाही, याची रुखरुख वाटत असेल तर ती सोडा. टीव्हीतला प्रोसेसर तसाही दोन-तीन वर्षांत रखडायला लागतो, अ‍ॅपं जुनी पडतात. पडदा मात्र दहा वर्षं टिकतो. रखडणारा भाग बाहेरच्या डब्यात असलेला बरा. डबा बदलता येतो.

आधीच जोडलेला टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क विसरायला सांगा आणि त्यानंतर एसीआरही बंद करा. सॅमसंगमध्ये ते 'टर्म्स अँड प्रायव्हसी'च्या आत 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' म्हणून असतं, एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' आणि करारांच्या पानावर, काही ब्रँडमध्ये सांबा टीव्ही या तिसऱ्याच कंपनीच्या नावाने. सॉफ्टवेअर अपडेटची काळजी असेल तर बऱ्याच कंपन्या ते पेन ड्राइव्हमधूनही देतात. पण चित्र नीट दिसतंय, आवाज येतोय, तर नुसत्या पडद्याला अपडेट कशाला लागतंय?

आपल्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद असतात. पोरांच्या अभ्यासासाठी गावाने ठरवलं आणि केलं. टीव्हीवर आपली सत्ता चालू शकते याचं माझ्या माहितीतलं याहून चांगलं उदाहरण नाही. फक्त एक लक्षात घ्यावं, की रिमोटने बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, बंद नसतो. खरा बंद भिंतीवरच्या बटणाने होतो.

आता बॉक्स

आधी हा प्रश्न : बॉक्स हवाच आहे का? घरात बातम्या, सह्याद्री, दोन मालिका आणि क्रिकेट एवढंच बघितलं जात असेल तर छतावरच्या तबकडीसारखी गोपनीय वस्तू दुसरी नाही. उपग्रहाकडून सिग्नल खाली येतो, वर काही जात नाही. इंटरनेटला न जोडलेल्या साध्या डिशच्या बॉक्सवर तुम्ही रात्री दोनला काय बघितलं हे कंपनीला कळायचा मार्गच नसतो. डीडी फ्री डिशला तर कोण बघतंय हेसुद्धा कळत नाही, कारण नोंदणीच नसते. ब्रॉडबँडबरोबर येणारे बॉक्स मात्र वेगळे. ते इंटरनेटवर चालतात, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतात. 'बॉक्स फुकट आहे' म्हणून ते घराघरांत आहेत आणि वापरायला वाईटही नाहीत, पण तुमचं इंटरनेट, तुमचा फोन नंबर आणि तुमचं बघणं, तिन्ही एकाच कंपनीच्या वहीत जातं हे माहीत असावं.

ओटीटी हवं असेल तर बाजारात जे मिळतं त्याची पारख मी एकाच प्रश्नाने करतो : हा डबा विकणाऱ्याचं पोट कशावर चालतं?

अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक काही हजारांत मिळते आणि सेलमध्ये आणखी उतरते. पोट कशावर, हे पहिल्या पानावरच दिसतं. वरचा अर्धा पडदा जाहिरातीचा असतो. गूगल टीव्हीचंही तेच, गूगलची कमाईच मुळात जाहिरातीवर. आपल्याकडच्या बहुतेक टीव्ही ब्रँडांत गूगलचंच सॉफ्टवेअर का असतं, यालाही कारण आहे. प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची अ‍ॅपंही ठेवा, अशा करारांवरून भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली होती. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने २० कोटी २४ लाख रुपये भरून आणि करार सुटे करायचं मान्य करून ते प्रकरण मिटवलं.

तरी घरात यांपैकी एखादी वस्तू असेल तर फेकून द्यायची गरज नाही. फायर स्टिकमध्ये प्रेफरन्सेसच्या आत प्रायव्हसी सेटिंग्ज आहेत; यंत्राच्या वापराची माहिती, अ‍ॅपच्या वापराची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती, ही तिन्ही बटणं बंद करा. गूगल टीव्हीत जाहिरात आयडी पुसून टाका, 'युसेज अँड डायग्नॉस्टिक्स' बंद करा आणि खात्याच्या पानावरचं 'अ‍ॅप्स ओन्ली मोड' चालू करा, म्हणजे शिफारशींचा बाजार आटोपतो. आणि सर्वात महत्त्वाचं, टीव्हीसाठी गूगलचं नवं खातं काढा. ज्या खात्यात तुमचं जीमेल, मॅप, फोटो आणि मोबाइलचं सगळं आहे तेच खातं सगळ्या घरादाराच्या टीव्हीवर टाकलं, की सासऱ्यांची कीर्तनं आणि मुलाचे गेमचे व्हिडिओ तुमच्या नावावर जमा होतात. उलटही होतं : तुम्ही मोबाइलवर काय शोधलं ते पाहुण्यांसमोर मोठ्या पडद्यावर शिफारस म्हणून उगवतं. हा त्रास कंपन्यांच्या पाळतीपेक्षा लोकांना लवकर पटतो असा माझा अनुभव आहे.

अ‍ॅपल टीव्ही या डब्याचं पोट बऱ्याच अंशी त्याच्या किमतीवर चालतं, आणि किंमतही तशी आहे. २०२२ चा संच भारतात १४,९०० रुपयांपासून आला होता. पहिल्या पानावर परक्या जाहिराती नाहीत, आणि २०२१ पासून कुठल्याही अ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपांमधून तुमचा माग काढायचा असेल तर आधी विचारावं लागतं. अ‍ॅपलला काहीच कळत नाही असं नाही. त्यांच्या टीव्ही अ‍ॅपमधलं बघणं त्यांना कळतंच आणि खातंही लागतं. पण ज्यांना तारा, सेटिंग, फोरमवरची उत्तरं यात पडायचं नाही, पैसे द्यायची तयारी आहे आणि ओटीटी स्वच्छ ४के मध्ये हवं आहे, त्यांना मी डोळे झाकून हाच सांगतो.

हौस असेल तर

तिसरा रस्ता मला स्वतःला सगळ्यात आवडतो. रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') हा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर, त्यावर लिब्रेइलेक नावाची फुकट प्रणाली, आणि त्यात कोडी हे सिनेमे-गाणी चालवणारं सॉफ्टवेअर. कोडीचा जन्म २००२ च्या सुमाराचा, मूळ एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी. २०१४ मध्ये सध्याचं नाव पडलं. खातं नाही, लॉगिन नाही, जाहिरात नाही. हार्ड डिस्क जोडा, त्यातले सिनेमे, गाणी, फोटो पडद्यावर नीट मांडून दाखवतो. एचडीएमआय-सीईसी म्हणून एक सोय बहुतेक टीव्हींत असते, ती चालू केली की टीव्हीच्याच रिमोटचे बाण कोडीतही चालतात. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण घरातल्या मोठ्या माणसांना दुसरा रिमोट द्यावा लागला नाही, की अर्धी लढाई जिंकलेली असते. आमच्या शेजारच्या आजींना कोडी म्हणजे काय हे माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे, की खालचा बाण तीन वेळा दाबला की नाट्यसंगीत येतं. त्या नाट्यपंढरीच्या आहेत, त्यांना तेवढं पुरतं.

जोडीला घरात पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर जेलीफिन बसवता येतं. हा घरगुती सर्व्हर. २०१८ मध्ये एम्बी या सॉफ्टवेअरपासून वेगळा झाला, फुकट आहे आणि कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर खातं काढायला लावत नाही. प्लेक्स नावाचं दिसायला देखणं सॉफ्टवेअर याच कामाचं आहे, पण त्याला त्यांचं खातं लागतं. म्हणून मी जेलीफिनकडे झुकतो. लग्नाची, मुंजीची, बारशाची कॅसेट डिजिटल करून ठेवलेली असेल तर ती जेलीफिनवर टाका. हॉलमधला टीव्ही, आतल्या खोलीतला टॅब, सगळीकडे दिसते, आणि इंटरनेट बंद पडलं तरी दिसते.

आता या रस्त्यावरचे खड्डे. पहिला मोठा : ओटीटी. या कंपन्या आपला माल वाइडव्हाइन नावाच्या कुलपात पाठवतात आणि त्या कुलपाच्या पातळ्या आहेत. एल-१ म्हणजे किल्ली यंत्राच्या चिपमध्येच सुरक्षित बसवलेली. प्रमाणित टीव्ही, स्टिक, मोबाइलमध्ये ती असते. एल-३ म्हणजे किल्ली नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये. रास्पबेरी पाय किंवा लिनक्सचा मिनी पीसी यांच्याकडे एल-३ असते, म्हणून अनेक ओटीटी सेवा त्यांना कमी दर्जाचं चित्र देतात. तुमचं इंटरनेट शंभर एमबीपीएसचं असो, पासष्ट इंची पडद्यावर चेहरे धूसरच दिसणार. पाय बिघडलेला नाही, समोरच्यानेच हात आखडलाय. यूट्यूब मात्र या कुलपात नसतं. मिनी पीसीवर फायरफॉक्समध्ये लॉगिन न करता झकास चालतं. म्हणून मिश्र व्यवस्था बरी : घरचा माल आणि यूट्यूब आपल्या डब्यावर, आणि दोन ओटीटींपुरती एक स्टिक दुसऱ्या एचडीएमआयला. सगळं एका डोळ्याला दिसू नये, एवढं साधलं तरी पुष्कळ.

दुसरा खड्डा आपल्या भागातला, लाईट. पाय मेमरी कार्डवर चालतो आणि मे महिन्यात वळीव आला की लाईट जाते, येते, परत जाते. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली तर कार्डातली प्रणाली बिघडू शकते, मग चालू करताना नुसता काळा पडदा. पाय घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या किंवा राउटरचा छोटा यूपीएस लावता तसा त्यालाही लावा, आणि सगळं नीट बसल्यावर कार्डाची एक प्रत काढून ठेवा.

हा मात्र घेऊ नका

ऑनलाइन एक काळा डबा दिसतो. नाव कधी ऐकलेलं नसतं, आकड्या-अक्षरांचं मॉडेल, '८के', 'सगळे ओटीटी आयुष्यभर फुकट'. गोपनीयतेच्या दृष्टीने याच्यापेक्षा सगळ्या जाहिरातवाल्या स्टिका परवडल्या. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या अशाच डब्यात कारखान्यातूनच भरलेला व्हायरस एका संशोधकाला सापडला, आणि त्यानंतर ही साखळी उलगडत गेली. बॅडबॉक्स असं त्या टोळीच्या कारस्थानाला नाव पडलं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने असल्या डब्यांविषयी जाहीर इशारा दिला, जुलैत गूगलने ही टोळी चालवणाऱ्यांवर खटला भरला, आणि १ कोटीहून जास्त यंत्रं बाधित झाल्याचं सांगितलं.

हे डबे करतात काय? तुमचा पासवर्ड चोरणं ही शक्यता आहेच, पण मोठा धंदा वेगळा आहे. ते तुमचं इंटरनेट भाड्याने देतात. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस त्याचा उद्योग तुमच्या घरच्या जोडणीतून फिरवतो : बनावट खाती उघडतो, जाहिरातींवर खोटे क्लिक मारतो, कुणाच्या तरी खात्यावर पासवर्ड लावून बघतो. समोरच्याच्या नोंदीत पत्ता दिसतो तो तुमच्या राउटरचा. उद्या चौकशी निघाली तर ती विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या दारात येणार, आणि तुम्ही म्हणणार, "साहेब, आम्ही तर फक्त मॅच बघत होतो."

ओळखायचं कसं? प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या सुरक्षा-तपासणीचं प्रमाणपत्र नसणं ही एक खूण. दुसरी खूण अशी, की डबा बसवताना तो तुम्हाला प्ले प्रोटेक्ट बंद करायला किंवा कुठल्या तरी अनोळखी दुकानातून अ‍ॅप उतरवायला सांगतो. 'फुकट ओटीटी' ही तिसरी, आणि ती एकटीच पुरेशी आहे.

राउटरवरची चाळणी, आणि कायदा

ज्यांना आणखी एक पाऊल टाकायचंय त्यांच्यासाठी : पाय-होल नावाचं सॉफ्टवेअर घरातल्या एखाद्या पायवर बसवलं, की जाहिरात आणि पाळतीच्या माहीत असलेल्या सर्व्हरांची नावं घरातल्या यंत्रांना सापडतच नाहीत. तेवढा खटाटोप नको असेल तर राउटरमध्ये अ‍ॅडगार्डचा मोफत डीएनएस (सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा) टाकला तरी बरंच काम होतं. दोन्हीला मर्यादा आहेत. ब्रॉडबँड कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये हे सेटिंग कधी कधी बदलू देत नाहीत, आणि काही यंत्रं राउटरला न विचारता स्वतःचाच डीएनएस वापरतात. म्हणून हे वरचं कवच समजा. वाय-फाय न देणं ते न देणंच. स्टिकला नेट द्यावंच लागतं, तर तिला राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर ठेवा, म्हणजे घरचा लॅपटॉप आणि हार्ड डिस्क तिच्या नजरेआड राहतात.

कायद्याचं म्हणाल तर गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांना बांधणाऱ्या मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. त्यातल्या दोन गोष्टी टीव्हीशी थेट जोडलेल्या आहेत. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागेल. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे, काही सवलती सोडल्या तर. हॉलमधल्या टीव्हीसमोर आई, आजोबा आणि चौथीतली मुलगी एकत्र बसलेले असताना टीव्ही त्यांना वेगळं कसं ओळखणार, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

जाता जाता, जुन्या टीव्हीविषयी. एक्सचेंजमध्ये देताना किंवा गावाकडच्या घरी पाठवताना लोक स्टँड आणि रिमोट आठवणीने देतात आणि आपली खाती आतच ठेवतात. देण्यापूर्वी सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करा. टीव्ही आधीच गेला असेल तर मोबाइलवर गूगल, अ‍ॅमेझॉन आणि प्रत्येक ओटीटीच्या खात्यात जोडलेल्या यंत्रांची यादी उघडा आणि तिथून तो काढून टाका. त्या यादीत तुमच्या ओळखीचं नसलेलं एखादं यंत्र दिसलं तर तेही काढा आणि लगेच पासवर्ड बदला. बहुधा मागच्या वर्षी पुण्याला गेलेल्या भाच्याचा टीव्ही असेल.